मापाचं माणूस

प्रिय शिडी,

तुझं पत्र मिळालं. तुझं म्हणायचं ते आपलं नावापुरतं, अक्षर याही वेळी शेजारच्या मास्तरीणबाईंचं. त्यांनी तुझ्या तोंडची वाक्यं इतकी धुऊनपुसून लिहिली आहेत की मला वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या सुसंस्कृत बहिणीचं पत्र चुकून माझ्याकडे आलं. 'माझा डावा हात अलीकडे साथ देत नाही' असं तू सात जन्मांत म्हणाली नसतीस. तू म्हणाली असतीस, 'ताई, हात मेलाय माझा.' मी ते वाक्य मनातल्या मनात तुझ्या आवाजात वाचून पाहिलं. शेवटी तू लिहिलं आहेस की लवकरच एखाद्या नावेने इकडे यावं म्हणतेस, हवापालट होईल, हातालाही बरं वाटेल. तेवढं करू नकोस. नावेत बसू नकोस, घाटावर येऊ नकोस, कपड्यांचं बोचकंसुद्धा बांधू नकोस. का, ते सांगते, पण मला क्रमाने सांगू दे. वरच्या थरापासून खाली जायचं आणि मधला थर उडवायचा नाही, ही आमच्या उत्खननाच्या धंद्याची शिस्त. आणि खरं सांगू का, तळाच्या थरापर्यंत पोचायची मला काही घाई नाही.

या पडक्या नगराचं खरं नाव काय होतं ते कुणालाच माहीत नाही. आम्ही त्याला 'सासर' म्हणतो, हे मी आल्याआल्याच तुला कळवलं होतं. इथलं एकूणएक दार बुटकं आहे. मान खाली घातल्याशिवाय आत जाता येत नाही, आणि आत गेल्यावर कुणी काही विचारत नाही. मला फारसं वाकावं लागत नाही ही गोष्ट वेगळी. उंची धाकटीच्या वाट्याला गेली आणि जीभ थोरलीच्या, असं आई म्हणायचीच. इथली नदी सकाळी डोंगराकडे चढते आणि दुपारनंतर उतरते, त्यामुळे नाव सकाळी येते, दुपारी जाते. मधल्या वेळात नावाडी आमच्या तंबूत चहा पितो आणि गावात काय काय घडलं ते सांगतो. पूर्वी मला त्याच्या बातम्या आवडायच्या. आता तो तोंड उघडण्याआधीच मी उठून भांडी घासायला घेते.

आमच्या प्रमुखांना मी पाठीमागे 'बहुधासाहेब' म्हणते, कारण त्यांचं एकही वाक्य त्या शब्दाशिवाय सुरू होत नाही. चार दगड दिसले की 'बहुधा इथे राजसभा असावी.' पाच दिसले की 'बहुधा राणीमहाल.' त्या नगरात जणू गरीब माणूस राहतच नव्हता, सगळेच राजे, आणि त्यांची भांडी बहुधा ढग घासत. पण हसण्यात अर्थ नाही, आमचा सगळा धंदाच त्या एका शब्दावर उभा आहे. जी भिंत डोळ्यांना दिसते ती वहीत सलग रेषेने काढायची. जी दिसत नाही पण असावी असं वाटतं ती तुटक रेषेने. सलग म्हणजे आहे, तुटक म्हणजे बहुधा. शिवाय प्रत्येक भिंतीशेजारी एक माणूस उभं करायचं, म्हणजे बघणाऱ्याला उंचीचा अंदाज येतो. त्याला आम्ही मापाचं माणूस म्हणतो. ते पाठमोरं काढायचं, चेहरा काढायचा नाही, मापाला चेहरा लागत नाही. आणि तेही तुटक रेषेतच, कारण सलग काढलं तर पुढे वही वाचणारा समजतो की तिथे पुतळा होता, आणि त्या पुतळ्यावर प्रबंध लिहून मोकळा होतो.

माझं मापाचं माणूस नोकरीच्या पहिल्या वहीपासून तूच. डावा हात कमरेवर, कोपर बाहेर, वेणी पाठीवर, एक पाय जरासा पुढे. वरच्या फळीवरचा डबा काढायला आईने हाक मारली की 'आता काय?' म्हणत जशी उभी राहायचीस, अगदी तशी. मी कधी ठरवून तुला निवडलं नाही. दुसऱ्या कुणाची उंची मला इतकी पाठच नव्हती. स्वयंपाकघराच्या चौकटीवर आई दर वर्षी पेन्सिलीने आपल्या दोघींच्या खुणा करायची. माझी खूण एका जागी येऊन थांबली आणि तुझी तिच्यावर टांग टाकून वर गेली. तू रडवेली होऊन म्हणालीस, 'ताईला पण वाढवा ना.' मग बाबांनी तुझं नाव शिडी ठेवलं. तू आयुष्यात नदीपलीकडे पाऊल टाकलं नाहीस, पण माझ्या वह्यांतून तुझ्याइतकी भटकलेली बाई नाही. बुडालेली मंदिरं, वाळूखालचे बाजार, सगळीकडे तू पाठ फिरवून उभी. कुठेच काही झालं नाही, कागद कागदासारखा वागत होता.

इथे पहिली गोष्ट घडली ती साहेबांच्या राजसभेत. चौथरा होता, त्यावर त्यांनी तुटक रेषेने सिंहासन काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर चौथऱ्यावर खुर्ची. वेताची, मधोमध फाटलेली, फाटलेलं झाकायला चौकडीची उशी. साहेब तिच्याकडे पाहत राहिले. 'बहुधा...' म्हणाले, आणि मी त्यांच्याबरोबर काम करायला लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांचं वाक्य अर्धं राहिलं. ती त्यांच्या कचेरीतली खुर्ची होती, उशी त्यांच्या बायकोने शिवलेली. पुढच्या नावेने कचेरीचं पत्र आलं की साहेबांची खुर्ची चोरीला गेली असून शिपायाकडून खुलासा मागवला आहे. मी त्यावर पुष्कळ विचार केला. सिंहासन आपल्यापैकी कुणी पाहिलंय? साहेबांच्या मनात सिंहासन असेल, पण हात ओळखीची खुर्चीच काढणार. आमचे अंदाज म्हणजे दुसरं काय, घरच्याच आठवणी. आणि सासर नवीन काही घडवत नव्हतं. चित्र ज्यावरून काढलं, ती वस्तू जिथे असेल तिथून उचलून आणत होतं.

मी साहेबांना म्हटलं, आपण तुटक रेषा काढणं थांबवू या. ते म्हणाले, 'बाई, हे नगर आपल्या अंदाजांना दुजोरा देतंय. असं भाग्य कोणत्या संशोधकाला लाभलंय?' आणि त्या फाटक्या खुर्चीत बसून त्यांनी अहवालाची सुरुवात केली. मी मात्र खुर्चीची सावली बघत होते. सकाळची वेळ, सगळ्या दगडांच्या सावल्या डोंगराकडे पडलेल्या. खुर्चीची तेवढी नदीकडे, खाली, गावाच्या दिशेला. ऊन कललं, दगडांच्या सावल्या फिरल्या, तिची जागची हलली नाही. विकलेली गाय नव्या गोठ्यात बांधली तरी तोंड जुन्या गोठ्याकडेच करून उभी राहते ना, तशी. साहेबांनी ते पाहिलं नाही. ज्याला बूड टेकायला जागा मिळाली तो सावली कशाला बघेल?

मग माझी पाळी आली. पूर्वेकडच्या गल्लीत एका घराला दार असावं असं वाटलं म्हणून मी तुटक रेषेने चौकट काढली होती. हे खुर्चीच्या आधीचं, मला काही कळण्यापूर्वीचं. एका सकाळी त्या गल्लीत वळले आणि चौकट उभी. आधी सावली पाहिली. नदीकडे. मग जवळ गेले. आतल्या अंगाला पेन्सिलीच्या खुणा होत्या आणि प्रत्येक खुणेपुढे आईचं बारीक अक्षर. 'ताई.' 'शिडी.' 'शिडी.' 'शिडी.' मी वेड्यासारखी त्या लाकडाला पाठ लावून उभी राहिले. माझ्या शेवटच्या खुणेला डोकं बरोबर टेकलं. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला तिथे कळलं. पळून जावंसं वाटत होतं, आणि पाठीला मात्र घरचं लाकूड लागत होतं, म्हणून हलवत नव्हतं.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं, तुझ्या स्वतःच्या डाव्या हाताच्या, डावीकडे कललेल्या अक्षरात. 'स्वयंपाकघराची चौकट कुणीतरी उपटून नेली. भांडी आहेत, पीठ आहे, चौकट नाही. चोरसुद्धा हल्ली बिनडोक निघायला लागलेत.' मी उत्तरात काय लिहिलं आठवतं? 'पडदा लाव, निळा लाव, धूर दिसत नाही.' यापलीकडे काही लिहायचा मला धीर झाला नाही. आणि ते लिहिता लिहिताच माझा हात थांबला, कारण चौकट तुटक रेषेत होती, आणि त्या चौकटीशेजारी मापासाठी उभी केलेली तू, तीही तुटक रेषेतच होतीस. मी वह्या काढल्या. खरं म्हणजे उघडायची गरज नव्हती. बाकीच्या गावांच्या वह्यांत तू सुखरूप आहेस, शिडी. सासरच्या वह्यांत प्रत्येक पानावर मी तुला 'बहुधा' म्हणून उभी करून ठेवली होती.

त्यानंतर मी रोज सकाळी त्या गल्लीत जायला लागले. काही दिवस काहीच नव्हतं, आणि माझी मी समजूत घालत होते की लाकूडसामानाचं ठीक आहे, जिवंत माणसाचं असं कसं होईल. मग एके दिवशी भिंतीपाशी सावली दिसली. नुसती सावली. ती पडायला तिथे कुणीच नव्हतं. उंच, पाठीवर वेणी, एक कोपर बाहेर. डोकं नदीच्या दिशेला. नावाड्याने तुझं पत्र आणलं, त्यात तू लिहिलं होतंस की हातातून कात्री निसटते, एका गिऱ्हाइकाचा कोट वाकडा कापला गेला, त्याने तमाशा केला. पुढे धुळीत दोन पावलं उमटली, एक जरासं पुढे. मग डावा हात आला, कमरेवर ठेवलेला, बाकी अंग धुरासारखं. त्याच सुमाराला मास्तरीणबाईंच्या अक्षरातलं तुझं पहिलं पत्र. त्यात तू मजेने लिहिलं होतंस की हल्ली मध्येच भान हरपतं, दूध उतू गेल्याच्या वासाने जागी होतेस तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी असतेस, हात कमरेवर, किती वेळ ते कळत नाही. 'म्हातारी झाले वाटतं.' तू म्हातारी झाली नाहीस, बाळा. तुला इथे उभं केलं जातंय. पानं अनेक होती पण तू एकच, म्हणून सासरने एक जागा धरली आणि तिथे सावकाश, चवीने तुला जमवायला घेतलं.

एकदा मी गल्लीतल्या त्या आकृतीच्या अगदी मागे जाऊन उभी राहिले. वेणी खरी होती. शेवटी तो तिरका रबर, जो मी कितीही ओरडले तरी तू लावतेस. शिवणाच्या तेलाचा वास येत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं, कारण एकदम लक्षात आलं की मी कधीच चेहरा काढलेला नाही. सासरजवळ तुझी पाठ आहे, चेहरा नाही. तिने हाकेला ओ देऊन मागे वळून पाहिलं असतं तर मी काय पाहिलं असतं? मी पाऊल न वाजवता मागे सरकले. त्या दिवसापासून मी त्या गल्लीत कुणाला मोठ्याने बोलू दिलेलं नाही. आचाऱ्याला वाटतं, बाईंना मूळव्याध झालीय.

आता उपाय काय काय केले ते सांगते, म्हणजे तू तिकडे बसून 'ताई, तू असं का नाही केलंस' म्हणायला नको. नाव पकडून सरळ घरी यायचं? मी आले असते, ती इथेच राहिली असती आणि जमतच गेली असती. आमचा नियम आहे की वहीत कधी खोडरबर वापरायचा नाही. चूक झाली तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते काढायचं आणि सही करायची, म्हणजे चूकही दिसते आणि ती कुणी मान्य केली तेही. मी घाबरून नियम मोडला, एका पानावर तुला रबराने पुसलं. दुसऱ्या सकाळी गल्लीतल्या तुझ्या खांद्यांना भरीवपणा आला होता. कागदावरून उठलीस ती तिथे वस्तीला गेलीस. मी धावत येऊन परत पहिल्यासारखं काढून ठेवलं.

खरा मार्ग सापडला तो साहेबांच्या सासूबाईंमुळे. साहेबांनी एका अंगणाला तुटक रेषेने फाटक काढलं आणि सासूबाईंच्या दारचं फाटक इथे हजर झालं. बाईंचं पत्र आलं, त्यात त्यांनी चोरीचा संशय थेट जावयावर घेतला होता. पडक्या नगराला न घाबरणारा माणूस त्या पत्राने गळून गेला. त्यांनी नियमाप्रमाणे फाटकावर रेघ मारली, शेजारी खिडकी काढली, सही केली. सकाळी फाटक गायब, तिथे कुणाच्या तरी घरची खिडकी, आणि पुढच्या नावेने सासूबाईंचं पत्र की फाटक परत आलं पण उलटं बसलंय, येऊन दुरुस्त करा. म्हणजे आणलेलं परत जातं. फक्त सासरला रिकामी जागा चालत नाही. एक मागे घ्यायचं तर दुसरं द्यावं लागतं, आणि तेही तोलामोलाचं.

मला वाटलं, सुटलो आपण. एका पानावर तुझ्यावर रेघ मारली आणि शेजारी मोजकाठी काढली. मापच हवं ना, मग काठी काय वाईट? सकाळी काठी आली होती. ती तिने उजव्या हातात धरली होती. मग मी बाबांना काढलं. त्यांची थोडी वाकलेली पाठ, खिशात घातलेला हात. कुणीच आलं नाही. जे जगात नाही ते सासरला आणता येत नाही. पण तुला सांगते, त्या सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते ती फक्त भीतीने नव्हे. जरा केस विंचरून गेले होते.

मग दुसरी कुणी जिवंत माणसं. इथे मी जशी आहे तशी तुला दिसू दे. मी शत्रू आठवून पाहिले. माझ्या जिभेच्या कृपेने यादी लांब आहे. पण चित्र काढायला माणूस पाठ असावं लागतं, आणि शत्रूची उंची कोण पाठ करतो? रोज समोर दिसतात ते साहेब. एका दुपारी मी त्यांना काढायला घेतलं. पोटापासून सुरुवात केली, कारण तेच आधी येतं. पोट काढून झालं आणि हात थांबला. रेघ मारली, सही केली, वही मिटली. दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला आले नाहीत. म्हणाले, 'बहुधा अपचन असावं, पोट आपलं वाटतच नाही.' मी त्यांना गरम पाणी नेऊन दिलं आणि बाहेर येऊन तंबूच्या दोरीला धरून उभी राहिले. माझ्या सहीनंतर शेजारी मी काहीच काढलं नव्हतं. जागा रिकामी होती, आणि सासर ती साहेबांनीच भरत होतं. रिकामी जागा मी आणखी थोडा वेळ तशीच ठेवली असती तर तुझा हात बरा झाला असता का, हा विचार माझ्या मनात आला होता, हे तुला माहीत असावं. संध्याकाळी मी तिथे त्यांची खुर्ची काढली. ती आधीच इथे होती, नुसती चौथऱ्यावरून उठून गल्लीत आली. साहेब सकाळी दोन वाट्या आमटी प्यायले आणि खुर्ची कुणी हलवली म्हणून आचाऱ्यावर ओरडले.

काल तू वळायला लागलीस. काठी खाली पडलेली होती आणि मान जराशी डावीकडे कलली होती, मागून कुणी हाक मारल्यावर कलते तेवढीच. मी कुणाचा आवाज ऐकला नव्हता. मास्तरीणबाईंचं कालच्या नावेने आलेलं हे दुसरं पत्र वाचल्यावर कळलं. तू इकडे यायचं ठरवत होतीस. तुझ्या मनाने इकडचा रस्ता धरला होता, अंगही निम्मं इथेच, राहिला होता तो चेहरा. नावेतून उतरून तू स्वतःच्या पायांनी चालत आली असतीस, त्या भिंतीपुढे उभी राहिली असतीस, आणि सासरला पुढे काही आणायची गरज उरली नसती.

म्हणून आज पहाटेच्या उजेडात मी सासरच्या तिन्ही वह्या घेऊन आपल्या चौकटीपाशी बसले आणि पानामागून पान प्रत्येक ठिकाणी तुझ्यावर आडवी रेघ मारून शेजारी मापाचं दुसरं माणूस काढलं, आणि सही केली. जगात दुसरी एकच उंची मला पाठ आहे, आईने लाकडावर लिहून ठेवलेली. आता सगळ्या भिंती पुढच्या वाचणाऱ्याला आहेत त्याहून उंच वाटतील, कारण मापाचं माणूस बुटकं झालंय. त्यावर खुशाल प्रबंध लिहोत. एक नियम मात्र मी मोडला. पाठमोरं काढलं नाही. तोंड नदीकडे केलं आणि चेहरा काढला, नाकासकट, म्हणजे त्या जागेला माझ्याबद्दल अंदाज करायला काही उरू नये. साहेब मागे येऊन उभे होते, मला कळलं नाही. ते म्हणाले, 'बाई, हे करू नका.' एवढंच. मागेपुढे काही लावलं नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलेलं मला पटलेलं पहिलं वाक्य, आणि ते ऐकता येण्यासारखं नव्हतं. भिंतीपाशी जाऊन पाहिलं, ती नव्हती; मी आधीच इथे, त्यामुळे उद्याची वाट बघावी लागली नाही. धुळीत दोन पावलं, तेवढीच. या नावेने तिन्ही वह्या नावाड्याकडे देते आहे. त्या वरच्या फळीवर ठेव, जिथे तुझ्याशिवाय कुणाचा हात पोचत नाही. कचेरीतून माणूस आला तर सांग, वाळवीने खाल्ल्या. तिथे कुणीतरी पक्की प्रत करायला बसेल आणि नियमाप्रमाणे खोडलेल्या रेषाही पुन्हा काढेल, तुझ्यासकट. मला शोधायला येऊ नकोस आणि मला आठवून कागदावर काढू नकोस, आठवणं पुष्कळ झालं. डाव्या हाताने एक ओळ लिहून नावाड्याकडे दे, कात्री चालते एवढीच. साहेबांनी ती गल्लीत येऊन मोठ्याने वाचायचं कबूल केलंय. आपली चौकट मी परत पाठवत नाही, तेवढी राहू दे, टेकायला आपलं काहीतरी हवं. निळा पडदा काढू नकोस. नावाड्याचा चहा संपला आहे, मला थांबायला हवं. पाय मघापासून गार पडलेत. बाहेर छान ऊन आहे, अजून कललेलं नाही, या पेन्सिलीची सावली डोंगराकडे पडली आहे, आणि पेन्सिल धरलेल्या हाताची नदीकडे, तुझ्या दिशेला.

तुझीच, आणि या शब्दाच्या आधी 'बहुधा' नाही,
ताई